गावच्या मैदानासाठी कायदा करून पैसा द्यावा का?

मांजराकाठ: सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळावं म्हणून महाराष्ट्रानं १९६७ साली कायदा केला. तसाच कायदा मैदानं आणि तालमींसाठी हवा, आणि पैसा आरोग्याच्या नावानं यावा. आपल्याकडं खेळ म्हणजे पदक. आष्टीच्या अविनाश साबळेंनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण आणलं, आपण बॅनर लावले. शुगर निघालेल्या पन्नाशीच्या माणसानं चालायचं कुठं? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते. आमच्याकडं ती हायवेच्या कडेनं, ट्रकच्या उजेडात भरायची. भरतीची पोरंबी तिथंच पळायलेत.

घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांत बागा, मैदानं आहेत. अकराव्या अनुसूचीत पंचायतींचे २९ विषय, त्यात खेळ नावालाही नाही. ग्रामसभेत विषय काढला की पहिला प्रश्न, "हे खर्चाच्या कोणत्या हेडला टाकायचं?"

बालाघाटी: काय बोलायलाव राव! २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, विसरलाव का? बीडची माणसं निम्मं वर्ष उसाच्या फडात कोयता चालवतात, त्यांना व्यायाम शिकवणार? आधी पाणी, मग दवाखान्यात डॉक्टर. आरोग्याचा पैसा मैदानाला वळवला की गोळ्या कमी पडणार, दुसरं काय.

मांजराकाठ: कोयतेवाल्याला कोण सांगायलंय? त्याला विश्रांती पाहिजे. मी दुकानदार, एसटीचे ड्रायव्हर, दिवसभर क्लासमध्ये बसणाऱ्या पोरांचं बोलतोय. गोळ्यांचं मात्र बरोबर आहे. पैसा वाढीवच असावा, तसं कलमातच लिहा.

माजी ग्रामसेवक: माझा विरोध. असा पैसा सिमेंटात जातो. ओपन जिम बसली, फोटो निघाले, बेअरिंग गेलं, आता त्यावर गोधड्या वाळतात. क्रीडा संकुलाला कुलूप. आणि वाचनालयाचा दाखला देता, तर तिथला ग्रंथपाल किती तुटपुंज्या पगारावर राबतो तेही सांगा की.

अंबाजोगाईकरीण: सर, तुम्ही सांगितलं त्याच्यामुळंच मला कायदा हवाय. बांधकामाला एक रुपया नाही, असं कलम घाला. पैसा दिव्याला, मैदानावर पाणी मारायला आणि मानधनावरच्या माणसाला. तीही शक्यतो बाई. धाराशिवच्या सारिका काळेंना २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोसाठी, आणि खो-खोला लागतात दोन खांब अन् सपाट जमीन. जागा कुठंतरी निघते हो. दिवेलागणीनंतर तिथून पत्ते कुटणारे उठवणार कोण, हा खरा प्रश्न. सरपंच उठवत नाहीत, मतं जातात.

माजी ग्रामसेवक: मानधन ठीक. नेमणूक कोणाच्या हातात? पुतण्याच लागणार.

अंबाजोगाईकरीण: महिला सभेच्या हातात द्या. आणि हजेरी मैदानावर घ्या, कार्यालयात नको.

बालाघाटी: ताई, आधी मैदान तर दाखवा. आमचं सातबाऱ्यावर आहे, जागेवर सोयाबीन आहे. ते काढायला कोणतं कलम लावणार?