अनुभव धागा : बारावं पुस्तक मिटलं त्या दिवशी

बारावं पुस्तक मी फेरीबोटीत संपवलं. बेतीहून पणजीला येणारी सकाळची फेरी, दुचाक्यांची दाटी, मी कठड्याला टेकून उभी. शेवटची चार पानं उरली होती. बोट धक्क्याला लागली, लोखंडी फळी खाली आली, स्कूटर एकामागून एक सुरू झाल्या, तरी माझे पाय हलेनात. फेरीवरच्या माणसानं विचारलं, "बाय, देंवपाचें ना?" मी मानेनंच नाही म्हटलं आणि त्याच बोटीतून परत बेतीला गेले. ती चार पानं मला मांडवीच्या मधोमधच वाचायची होती. ऑफिसला अर्धा तास उशीर झाला आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

पुस्तक होतं बेनेडिक्ट जॅकाच्या अ‍ॅलेक्स व्हेरस मालिकेतलं शेवटचं. लंडनच्या कॅम्डन भागात जादूच्या वस्तूंचं दुकान चालवणारा हा माणूस. त्याला आग फेकता येत नाही, हवेत उडता येत नाही, फक्त पुढं काय होऊ शकतं ते दिसतं. दाराला आकड्यांचं कुलूप असलं, तर प्रत्येक आकडा दाबून पाहिल्यावर काय होईल ते सगळे भविष्यकाळ तो मनातल्या मनात चाळतो आणि ज्यात दार उघडतं तेवढाच आकडा दाबतो. पहिल्या पुस्तकात हे वाचलं आणि मी अडकले ती कायमची. पहिलं पुस्तक २०१२ सालचं, बारावं २०२१ च्या डिसेंबरचं. ते मी लगेच घेतलं आणि कपाटात ठेवून दिलं. गणपतीच्या तीन चवथी गेल्या, घराला रंग झाला, कपाटाची जागा बदलली, पुस्तक तसंच. एकदा वाचलं की तो माणूस माझ्यासाठी नवीन काही करणार नाही, हे मला सोसवत नव्हतं.

अशा मालिकांचा निरोपच जड का जातो, याचा मी बराच विचार केला. साध्या रहस्यकथेत खुनी सापडला की गोष्ट मिटते आणि पुढच्या पुस्तकात गुप्तहेर पुन्हा कोरा करकरीत उभा राहतो. इथं तसं नाही. शहर आपल्या ओळखीचं असतं, बस, पोलीस, विजेचं बिल सगळं जागच्या जागी, आणि त्याच्या पोटात दुसरं अद्भुत शहर. प्रत्येक पुस्तकात एक गुन्हा उलगडतो, पण त्याचा हिशेब नायकाच्या अंगावर चढत जातो : कुणाचं देणं, कुणाचं वैर, एखादी न भरलेली जखम. सातव्या-आठव्या पुस्तकापर्यंत गुन्हा नुसतं निमित्त उरतो. आपण त्या माणसाची खुशाली विचारायला जात असतो.

म्हणून हा धागा. तुम्ही एखाद्या लांबलेल्या मालिकेचा निरोप कसा घेतलात ते लिहा. इंग्रजी असो, मराठी असो, पुस्तक असो की पडद्यावरची मालिका. शेवट मात्र फोडू नका. आणि कुठं बसून वाचलं ते जरूर लिहा, मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

मडगाव

आमच्या घरी केट डॅनियल्स. इलोना अँड्र्यूज या नावानं नवरा-बायको मिळून लिहितात, दहा कादंबऱ्या, २००७ ते २०१८. अटलांटा शहरात जादू लाटेसारखी येते. लाट चढली की वीज जाते, बंदुका चालत नाहीत, मोटारी बंद पडतात. लाट ओसरली की मंत्र निकामी, दिवे पुन्हा चालू. मी आणि माझी धाकटी बहीण दोघी वाचायचो आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे मडगावकरांना सांगायला नको. वीज गेली की बहीण आतल्या खोलीतून ओरडायची, "ताई, लाट आली!" मग बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर मेणबत्ती चिकटवायची आणि एकीनं मोठ्यानं वाचायचं. केटच्या तलवारीतून भुताखेतांच्या जवळ गेल्यावर धूर येतो. आम्ही विझलेल्या मेणबत्तीच्या धुराकडं बघून एकमेकींना घाबरवायचो.

२०१६ साली बहीण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेली, नवऱ्याबरोबर. गोव्यातल्या किती घरांत हे झालंय, वेगळं काय सांगू. दहावं पुस्तक आलं तेव्हा दोघींनी ठरवून एकाच दिवशी सुरू केलं. रोज रात्री फोन, रोज तीन प्रकरणं. तिच्याकडं संध्याकाळ, माझ्याकडं झोपायची वेळ. शेवटच्या प्रकरणाला मी मोठ्यानं वाचत होते आणि नेमकी इथली वीज गेली. वाय-फाय तुटला. मी अंधारात फोनचा डेटा चालू करून परत लावला, तेव्हा ती रडत होती. मला वाटलं पुस्तकासाठी. म्हणाली, "ताई, इथं कधी वीजच जात नाही गं."

पुस्तकाबद्दल एवढंच सांगते, की शेवट मला पसंत पडला. लेखकांनी केटला दमवलं खूप, पण फसवलं नाही.

डिचोली

मी शेवटचं प्रकरण आधी वाचते. लोकांना राग येतो, येऊ दे. कोण जगलं हे कळलं की जीव थाऱ्यावर ठेवून मधली पुस्तकं वाचता येतात. माझा निरोप सुरुवातीलाच झालेला असतो, त्यानंतरचा सगळा काळ भेटीचा.

साखळी, निवृत्त शिक्षक

ओळखीच्या शहरातल्या अशा अद्भुत गोष्टींना आमच्या वेळी अर्बन फँटसी म्हणत नसत, पण वस्तू तीच होती. नारायण धारपांचे 'समर्थ' आठवतात का? सरळमार्गी मध्यमवर्गीय घर, नोकरदार माणसं, वाडा किंवा फ्लॅट, आणि त्यात शिरलेलं काहीतरी अमंगळ. मग समर्थ यायचे, बरोबर अप्पा. समर्थांचा आवाज चढत नसे. मला वाटतं त्या शांतपणाचीच आम्हाला भूक होती. गावातल्या वाचनालयात ही पुस्तकं खाकी पुठ्ठ्याची बांधणी करून ठेवलेली असत, पानांच्या कडा हाताळून काळ्या पडलेल्या. एका प्रतीचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. त्या कथेचा शेवट मला अकरा वर्षांनी, पुण्यात एका नातेवाइकाकडं दुसरी प्रत मिळाली तेव्हा कळला. तोवर मी स्वतःशी त्याचे निदान चार शेवट रचले होते आणि वर्गात ऑफ पीरियडला मुलांना सांगितलेही होते.

२००८ च्या ऑगस्टमध्ये धारप गेल्याची बातमी पेपरात वाचली. शाळेत जायची घाई होती. पेपर घडी करून पिशवीत ठेवला आणि दिवसभर जवळ बाळगला. समर्थांची निरोपाची अशी कथा माझ्या वाचनात आली नाही. इंग्रजी मालिकांमध्ये हल्ली लेखक आधीच जाहीर करतात, अमुक भागांत संपवणार. वाचकाला तयारीला वेळ मिळतो हे मान्य. पण आमचे समर्थ कुठल्यातरी दुसऱ्या घरी गेलेत आणि तिथलं काम आटोपलं की येतील, असं मला सत्तरी ओलांडल्यावरही वाटतं. मला ते बदलायचं नाही.

वास्को

सूकी स्टॅकहाउस. तेरा पुस्तकं, २००१ ते २०१३, लेखिका शार्लेन हॅरिस. तसं पाहिलं तर यात शहर नाहीच, लुइझियाना राज्यातलं छोटं गाव आहे, पण धाग्यात बसवून घ्या. सूकी बारमध्ये वेट्रेस, तिला माणसांच्या मनातलं ऐकू येतं आणि त्याचाच तिला जाच. रक्तपिपासूंच्या मनातलं ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या सोबतीत तिला शांत वाटतं. मी रात्रपाळी करणारी नर्स आहे. रात्रभर लोकांचं दुखणं ऐकून घरी आल्यावर कुणाचंच काही ऐकू येऊ नये, ही गरज मला जितकी कळते तितकी फार थोड्यांना कळत असेल.

शेवटचं पुस्तक बाजारात येण्याआधीच शेवट फुटला होता. लोक लेखिकेवर तुटून पडले. मीही चिडले होते. माझी प्रत कुरियरवाल्यांनी हरवली, दुसरी येईपर्यंत पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत मी पहिल्या पुस्तकापासून सगळी पुन्हा वाचली. तेव्हा दिसलं, की सूकी पहिल्या पानापासून काय मागतेय : स्वतःचं घर, अंगणात ऊन, सकाळची कॉफी. आपण वाचक तिच्यासाठी भलतंच मागत होतो. पुस्तक म्हणून तेरावा भाग ढिला आहे, हे मी आजही म्हणेन. निर्णय मात्र सूकीचा आहे आणि तिला शोभतो.

म्हापसा

माझी पडद्यावरची. 'सुपरनॅचरल', २००५ ते २०२०, पंधरा सीझन, ३२७ भाग. दोन भाऊ, एक काळी गाडी, गावोगावची भुतं. शेवटचे दोन भाग चित्रित व्हायचे असताना मार्च २०२० मध्ये महामारीनं काम थांबलं. आम्ही चौघी मैत्रिणी होस्टेल सोडून आपापल्या घरी अडकलेल्या. नोव्हेंबरात शेवट आला, तेव्हा फोन कानाला लावून एक, दोन, तीन म्हणत चौघींनी एकदम सुरू केला. मध्ये कुणी बोललं नाही. संपल्यावरही दहा मिनिटं फक्त पंख्याचा आवाज ऐकू येत होता, प्रत्येकीच्या घरचा वेगळा.

फोंडा

बाबा आणि मी, जिम बुचरचा हॅरी ड्रेस्डेन. शिकागोचा जादूगार-गुप्तहेर, जवळ गेला की यंत्रं बिघडतात, म्हणून जुनी फोक्सवॅगन बीटल चालवतो. बाबांकडं जुनी चेतक होती, त्यामुळं हॅरीबद्दल त्यांना विशेष जिव्हाळा. त्यांची शाळा सुरू झाली पोर्तुगीजमध्ये, इंग्रजी नंतर आलं, तरी पुस्तक आधी त्यांनीच वाचायचं हा नियम. गुन्हेगार कोण हे जिथं ओळखलं, तिथं ते समासात पेन्सिलीनं बारीक टिंब काढत. तोंडानं काही सांगत नसत. मी वाचताना टिंब आलं की थांबायचो, मागची पानं पुन्हा चाळायचो. कित्येकदा टिंब शंभराव्या पानावरच असे आणि मला तीनशेव्या पानापर्यंत काही सुचत नसे.

पंधरावं पुस्तक २०१४ मध्ये आलं. मग सहा वर्षं पुढची कादंबरीच नाही. बाबा दर वाढदिवसाला विचारायचे, "लिहिलं का रे त्यानं?" २०१९ च्या पावसात बाबा गेले. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, जुलैला सोळावं आलं आणि सप्टेंबरात सतरावं. एकदम दोन.

मी ती बाबांच्या खुर्चीत बसून वाचली. समास कोरे होते. सोळाव्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, की मी वाचत नाहीच आहे, मी टिंब शोधतोय. मग उठलो, त्यांच्या खणातली पेन्सिल घेतली, टोक केलं आणि मला जिथं संशय आला तिथं टिंब काढलं. चुकीच्या जागी निघालं. पण पुसलं नाही. मालिका अजून चालू आहे, मीही ती वाचेन. बाबांबरोबरचं वाचन पंधराव्याला संपलं, हे मात्र मला त्या दिवशी मान्य करावं लागलं. माझी मुलगी आता नववीत आहे. तिनं परवा पहिलं पुस्तक काढलं आणि विचारलं, "पप्पा, हे टिंब कसलं?" मी सांगितलं नाही. तिचं तिला कळेल.

दिवाडी

माझी मालिका संपलेली नाही, पण निरोप झाला म्हणून लिहिते. बेन आरोनोविचची पीटर ग्रँटची पुस्तकं, पहिलं २०११ चं. लंडनचा साधा पोलीस शिपाई, खुनाच्या जागी पहाऱ्यावर उभा असताना भूत येऊन त्याला साक्ष देतं. पुढं कळतं, की लंडनच्या नद्यांना जिवंत मालकिणी आहेत. थेम्स आई आणि उपनद्या तिच्या मुली. त्यांच्या घरचं काही खाल्लं-प्यायलं तर आपण त्यांचं देणं लागतो.

मी बारावीत असल्यापासून ही गोष्ट आजीला सांगत आले. संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसायचं, ती फुलं गुंफणार, मी सांगणार. भुताच्या साक्षीचं तिला काहीच नवल वाटलं नाही. नद्यांचं तर नाहीच. "न्हंयेक धनीण आसतलीच," म्हणाली. पीटर थेम्स आईच्या घरी चहाचा कप हातात न घेता बसतो, तिथं तिनं हातातलं काम थांबवलं आणि "शाणो भुरगो" असं प्रमाणपत्र दिलं. मग तिनं तिची गोष्ट सांगितली. रात्री गावाची शीव राखणारा राखणदार, त्याच्या काठीचा आवाज, चालून चालून झिजणाऱ्या त्याच्या वहाणा आणि गावानं वाहिलेला नवा जोड. लहानपणी तिच्या वडिलांनी झिजलेला तळवा तिला दाखवला होता. तिनं स्वतःच्या तळहातावर बोट फिरवून दाखवलं, कुठं कुठं झिजला होता ते : टाच बाहेरच्या बाजूनं, अंगठ्याखाली पार भोक. पीटरच्या कुठल्याच पुस्तकात मला याच्या तोडीचा पुरावा सापडलेला नाही.

गेल्या जूनमध्ये मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ठरवलं, हातातलं पुस्तक आजीला सांगून पुरं करायचं. पाऊस लागला होता, छपराच्या कौलांवरून पाणी गळत होतं, बेटावरची फेरी बंद होईल म्हणून बाबा सारखे आतबाहेर करत होते. गुन्हेगार हाती लागायला एकच प्रकरण उरलं होतं. मी भराभर सांगायला लागले. आजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आतां रावय," म्हणाली. "चवथीक येतकच फुडलें सांग."