जबड्यात जायंट सेल ग्रॅन्युलोमा निघालाय, आता पुढे काय?

चिंतातुर_ताई: भाचीचं वय १७, खालच्या जबड्याला पुढच्या बाजूला सूज होती, दुखत अजिबात नव्हतं, एक्सरेत हाड पोकळ दिसलं म्हणून बायोप्सी केली तर रिपोर्टमध्ये सेंट्रल जायंट सेल ग्रॅन्युलोमा आलंय. हा कॅन्सर आहे का? आणि डॉक्टर आता कॅल्शियमची रक्ततपासणी कशाला सांगतायत?

दातवाला: ताई कॅन्सर नाही हा, हाडाच्या आत होणारी मोठ्या पेशींची साधी गाठ असते, घाबरू नका. आणि रक्ततपासणी टाळू नका, तीच खरी महत्त्वाची आहे. पॅराथायरॉइड ग्रंथी (गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या) जास्त काम करत असली की हाडात ब्राऊन ट्यूमर नावाची गाठ होते आणि ती मायक्रोस्कोपखाली हुबेहूब अशीच दिसते, नुसत्या बायोप्सीवरून फरक कळतच नाही, म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (त्याच ग्रंथीचं हार्मोन) बघतात. तसं निघालं तर आधी ग्रंथीचा इलाज, जबड्याची गाठ बऱ्याचदा त्यानेच आटोक्यात येते.

निशाचर: +१. लहान मुलांत दोन्ही बाजूंना असेल तर चेरुबिझमचाही (जबडे दोन्हीकडून फुगणारा आनुवंशिक आजार) विचार करतात, इथे तसं वाटत नाही.

चिंतातुर_ताई: आणि रक्त नॉर्मल आलं तर? जबडा कापावा लागेल का?

दातवाला: शक्यतो नाही ओ. छोटी, शांत गाठ असेल तर खरवडून काढतात, क्युरेटाज म्हणतात त्याला. दुखणं, भराभर वाढ, दातांची मुळं झिजणं, हाडाची भिंत फुटणं असं असेल तर ती आक्रमक धरतात, ती परत उगवू शकते. मग गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं किंवा डेनोसुमॅब (हाड झिजणं रोखणारं औषध) वगैरे पर्याय असतात, पण डेनोसुमॅब बंद केल्यावर वाढत्या वयाच्या मुलांत कॅल्शियम एकदम चढू शकतं, ते आधीच विचारून ठेवा. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) झालाय का?