अनुभव धागा : वाजवणं सुटलं, आता कान काय म्हणतो?

खर्जवाला

तबला, पेटी, ढोलकी, गिटार, बासरी, काहीही असो. कधीकाळी मनापासून वाजवलं आणि मग सुटलं, अशा सगळ्यांनी लिहावं म्हणून हा धागा. का सुटलं ते सांगाच, पण सुटल्यावर गाणं ऐकणं कसं बदललं तेही सांगा. मला त्यातच जास्त रस आहे. आमंत्रण माझं, तेव्हा पहिला नंबर माझा.

१९८६ ते २०१९ मी बेस गिटार वाजवली, म्हणजे खर्जाचे सूर देणारी चार तारांची गिटार. पुण्यातले ऑर्केस्ट्रे, गणपतीतल्या नाइट्स, लग्नांची रिसेप्शन्स. निवेदक ‘आणि बेस गिटारवर...’ म्हणेपर्यंत लोक टाळ्या वाजवून दमलेले असायचे. तक्रार नाही हं, मला ती मागची जागा आवडायची.

बेसची ओळख उशिराच झाली, कारण घरी ट्रान्झिस्टर. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ४१ कंपनं होतात. तळहाताएवढ्या स्पीकरला ती कुठली झेपायला? दहावीच्या सुट्टीत मामाकडे मोठा डेक आला. गाणं तेच, पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, तोंडपाठ असलेलं, पण आज त्याच्या खालून कोणीतरी चालत होतं. मी विचारलं, “मामा, हे कोण?” मामा म्हणाला, “कोण कुठे?” त्याला ऐकूच येत नव्हतं! टोनी वाझ, चरणजित सिंग ही बेस वाजवणाऱ्यांची नावं मला फार नंतर कळली. कॅसेटच्या कव्हरवर गायक, गीतकार, संगीतकार. वाजवणाऱ्यांची नावं कोण छापतो?

अमेरिकेतही तेच होतं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांत जेम्स जेमरसनचा बेस आहे, पण रेकॉर्डवर नाव नाही. ते आलं १९७१ साली, गायक मार्विन गेच्या अल्बमवर. हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही. हे वाचल्यावर मला भयंकर आनंद झाला होता, कारण तारा बदलणं मलाही परवडत नव्हतं. फरक एवढाच की त्याला जुन्या तारांचा बुजलेला आवाज हवा होता, मला नवा कोरा. मग काय, तारा काढायच्या, पातेल्यात दहा मिनिटं उकळायच्या, पुसून सुकवून परत चढवायच्या. घाम आणि मळ निघून जातो, दोन-तीन नाइट्स छान टणत्कार येतो. पाण्यावर तरंगणारं बघून आईने ते पातेलं पुन्हा दुधाला वापरलं नाही.

आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. म्हणजे बेसच्या जाड तारेवर चौथा फ्रेट, मानेवरचं चौथं घर. सर्दी झाली की ती स्टेजवर चढता चढता हळूच म्हणायची, “आज पांढरी पाच.” मी हात एक घर मागे सरकवायचो, संपलं. पेटीवाले काका मात्र तिला मनातल्या मनात शिव्या घालत सगळी बोटं नव्याने बसवायचे. पुढे कीबोर्ड आला आणि त्यावर पट्टी बदलायचं बटण आलं. त्याच कीबोर्डवाल्याचा डावा हात माझं काम करायला लागला. एक माणूस कमी, एक मानधन कमी, गाडीत एक सीट मोकळी. हिशेब चुकीचा नव्हता. मग मायनस वन ट्रॅक आले, म्हणजे गायकाचा आवाज सोडून बाकी सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं, आणि कीबोर्डवालाही माझ्याच रांगेत येऊन बसला.

तरी मी वाजवत होतो. शेवटी डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. कोपरातली नस दबली होती. ऑपरेशनने दुखणं गेलं, बळ पूर्ण आलं नाही. २०१९च्या गणपतीत एका गाण्यात तीनदा चुकलो. कोणाच्याच लक्षात आलं नाही. ते जास्त लागलं.

आता कानाचं. दीड वर्ष मी गाणी लावलीच नाहीत. मग एकदा रिक्षात एक भावगीत लागलं. आमच्या कार्यक्रमात हमखास असायचं, मी शेकडो वेळा वाजवलेलं. माझ्या डोक्यात त्याची नोंद ‘काळी चार, अंतऱ्यात चार पायऱ्या खाली, शेवटी थांबा’ अशी. त्या दिवशी कळलं की ते माहेर तुटलेल्या मुलीचं गाणं आहे. अहो, खरंच सांगतो, तेहतीस वर्षांत मी शब्द ऐकलेच नव्हते! बायकोला सांगितलं तर म्हणाली, “मग आम्ही डोळे का पुसत होतो, तुला काय वाटायचं?”

मला वाटायचं, धुराचं मशीन.

---

धूमकणीक

धुराचं मशीन :))

दादा, मी पखवाज वाजवायचो. गावातलं भजनी मंडळ, एकादशीचा जागर, सप्त्यातली कीर्तनं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई असते, डाव्या अंगाला, म्हणजे धूमेला, ओली कणीक थापतात. कणकेमुळेच तो खालचा, घुमणारा आवाज मिळतो. थोडी जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर कोरडा ठणठणतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी.

नोकरीसाठी शारजाला आलो, पखवाज गावी राहिला. सुटायला दुसरं काही कारण नाही. इथे भाड्याच्या खोलीत सहा जण, वाजवणार कुठे? पण पोळ्यांची पाळी माझी असते. कणीक मळून झाली की अंगठ्याने दाबून बघतो आणि पहिला विचार ‘धूमेला जरा सैल आहे’ असा येतो. बारा वर्षं झाली.

---

मध्यमा_नापास

सगळे हळवे झालेत, म्हणून थोडं मीठ टाकते.

मला तबला आवडत नव्हता. आठवीपर्यंत आईने नेलं. परीक्षा दिल्या : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, आणि मध्यमाला मी आनंदाने गचकले. गुरुजी कायद्याचे (तबल्याच्या ठरलेल्या बोलांच्या रचनेचे) पलटे वहीत उतरवून घ्यायचे आणि परीक्षेच्या आधी महिनाभर फक्त तेच. अख्ख्या पाच वर्षांत त्यांनी एकदाही ‘चला, एक रेकॉर्ड ऐकू’ म्हटलं नाही. सोडला तेव्हा हलकं वाटलं, आजही वाटतं. कानाचं विचाराल तर तबल्याची साथ असलं काही लागलं की हात घामेजतात.

सोडणं हे नेहमी दुःखाचंच असतं असं नाही, एवढंच.

---

मांडवीकाठ

मी स्वतः काही सोडलं नाही, कारण धरलंच नाही. वडिलांचं लिहिते, चालेल ना?

ते गोव्यातल्या चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकले. आमच्याकडे कितीतरी जण तसेच शिकले आणि मुंबईला गेले, कारण सिनेमाच्या रेकॉर्डिंगला कागद बघून तिथल्या तिथे वाजवणारी माणसं लागायची. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर लिहून द्यायचे, हे वाजवायचे. पप्पांचं वाद्य डबल बेस. खर्जवाले, तुमच्याच चार तारा, त्याच सुरांत, फक्त वाद्य माणसापेक्षा उंच. पहिली वर्षं ते धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहिले. तिथल्या जिन्यावरून तो डबा वर नेणं म्हणजे दोघांचं काम. टॅक्सीवाले थांबायचे नाहीत. थांबलेच तर वाद्य आत बसायचं आणि पप्पा उरलेल्या जागेत.

नव्वदीत बोलावणी कमी होत गेली, सिंथ (सिंथेसायझर) आले. एक दिवस ते डबल बेस मुंबईत विकून गोव्याला परतले. आम्हाला कधी काही बोलले नाहीत. फक्त टीव्हीवर जुनं गाणं लागलं की मम्मी विचारायची, “यात तू आहेस?” ते डोळे मिटून पहिली ओळ ऐकायचे. बहुतेक वेळा म्हणायचे, “नाही, मी इतका पुढे नाही वाजवायचो.” म्हणजे तालाच्या किंचित पुढे. स्वतःला ते अशाने ओळखायचे. कागदावर पुरावा कुठेच नाही.

---

टिपरू_ठेवलं

वय २७. पाच वर्षं ढोल पथकात. कानात बारीक शिट्टी वाजते, रात्री जास्त. कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, कापूस घालत होतात का? कापूस! आमच्यात कानात बोळे घालणाऱ्याला हसायचे. मीही हसले आहे.

विसर्जनाच्या दिवशी आता घरी असते. लक्ष्मी रस्त्यावरचे ढोल आमच्या गच्चीवर पोचेपर्यंत टोल, म्हणजे टिपरूच्या (ढोलाच्या काठीच्या) फटक्याचा आवाज, विरून गेलेला असतो, नुसता दणका येतो. छातीला कळतो. त्याने शिट्टी झाकली जाते, म्हणून बरं वाटतं. हे विचित्र आहे, मला माहीत आहे.

---

एडिसनकर

खर्जवाले काका, एक प्रश्न. बेस अजून आहे का? कुठे आणि कसा ठेवलाय? तारा पूर्ण सैल करून ठेवला असेल तर बघा, मानेच्या आत लोखंडी सळई असते, समोरून तारांचा ताण नसला की मान उलटी वाकू शकते. माझा असाच गेला. त्यात इथला हिवाळा, घरात हीटर, लाकूड कोरडं ठाक. सात वर्षांनी बॅग उघडली तर पहिले तीन फ्रेट नुसते खडखड. अर्धा ताण ठेवा. आणि कपाटावर ठेवू नका.

---

खर्जवाला

एडिसनकर, कपाटावरच होता. तारा पूर्ण सैल. तुमचं वाचून लगेच खाली काढला. मान थोडी मागे गेली आहे, कारागीर म्हणतो सरळ होईल.

मांडवीकाठ, ‘इतका पुढे नाही वाजवायचो’ हे मी चार वेळा वाचलं. मी मागे रेलायचो. ड्रमर ओरडायचा.

मध्यमा_नापास, तुमचं पटलं. गुरुजींची वही मलाही नको.

टिपरू, मला घणघण ऐकू येतं, डाव्या कानात. ड्रमर त्याच बाजूला असायचा. तपासून घ्यायला हवं, टाळतोय.

सोसायटीतला एक मुलगा बेस मागतोय. अकरावीत आहे. काल येऊन बसला, करंगळी धड पोचत नाही, पण पाय ठेका बरोबर धरतो. कारागिराकडून आला की देणार आहे. तारा नव्या घेणं त्यालाही परवडणार नाही, म्हणून उकळायचं कसं ते सांगितलं. पातेलं मात्र स्वतःचं आण म्हटलं.

बाकीच्यांनी लिहा. सनई, क्लॅरिनेट, बँडवाले कोणी आहेत का इथे?