बेथेस्डा टेरेसच्या जिन्यावरचे ऋतू कसे ओळखायचे?

मंडळी, सध्या लेकीकडे जर्सी सिटीला आलेय. काल स्केचबुक घेऊन न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गेले आणि बेथेस्डा टेरेसच्या दगडी जिन्यापाशीच दुपार गेली. आराखडा कॅल्व्हर्ट वॉक्सचा, नक्षी जेकब रे मोल्डची, काम १८६० च्या दशकातलं. दोन्ही बाजूंच्या जिन्यांच्या कठड्यांवर चार ऋतू कोरलेत म्हणे: पानं, फळं, वेलीत लपलेले पक्षी. एकाची चोच वालुकाश्म झिजून पार सपाट झालीय, तरी मान वळवलेली कळते!

वर रस्त्याकडेच्या खांबांवर दिवसाचे प्रहर आहेत. सकाळचा कोंबडा लगेच ओळखला. रात्रीसाठी चक्क झाडूवर बसलेली चेटकीण! तिथे मी फारच रमले.

अडलंय ते ऋतूंपाशी. द्राक्षं दिसली की शरद धरायचा का? कुठला ऋतू कुठल्या जिन्यावर, हे कुणी नीट पाहिलंय का? आणि कठड्याच्या टोकाच्या जाड खांबाला मराठीत नेमका शब्द काय? वहीत नुसतं ‘खांब’ लिहिलंय, पण मन मानत नाही. शनिवारी पुन्हा जातेय. कोरीव कामावर तिरपं ऊन कधी पडतं, तेही सांगा.