रिसर्चचं केंद्र खरंच चीनकडे सरकलंय का?

कोथरूडकर:
मंडळी, २०२५च्या ग्लोबल इनोव्हेशन इंडेक्समध्ये, म्हणजे नवसंशोधनाच्या जागतिक क्रमवारीत, शहरपट्ट्यांच्या यादीत चीनचा शेनझेन-हाँगकाँग-ग्वांगझू पट्टा पहिला आला, टोकियो-योकोहामाला मागे टाकून. आमच्या वेळी सिलिकॉन व्हॅली म्हणजे पंढरी, आता पोरगा म्हणतो मास्टर्सला तैवान बघू. खरंच काही बदललंय की नुसती पेटंटची आकडेमोड?

झणझणीत:
आकडेमोड बरीच आहे ओ. चीनमध्ये पेटंट टाकलं की तिथलं स्थानिक सरकार पैसे द्यायचं, मग लोकांनी पोत्यानं टाकली. शेवटी २०२१ मध्ये त्यांच्याच पेटंट ऑफिसने सांगितलं की ही सबसिडी २०२५ पर्यंत पूर्ण बंद करा.

फर्मवेअरवाला:
अर्धंच पटलं. मी शेनझेनच्या हुआछ्यांगबेई मार्केटात फिरलोय. टीचभर काउंटर, मागे छतापर्यंत पार्ट्सची रिळं, बाई एका हाताने जेवतेय आणि दुसऱ्या हाताने कॅल्क्युलेटरवर भाव दाखवतेय. सर्किट बोर्डचं डिझाइन दिलं की एकदोन दिवसांत हातात, आणि इथे माझं पार्सल कस्टम्समध्ये लोळत पडतं. ज्याला चुकलेला बोर्ड परवा दुरुस्त होऊन मिळतो तो आपल्या पुढे जाणारच ना, पेटंट-बिटंट नंतरची गोष्ट.

तैपेईतली_मावशी:
तैवानचं सांगते. यांनी १९७६ ला अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपचं तंत्रज्ञान घेतलं, पोरं तिकडे शिकायला धाडली, १९८० ला सिंचूचं सायन्स पार्क, १९८७ ला टीएसएमसी, म्हणजे दुसऱ्यांच्या चिप बनवून देणारी कंपनी. तिचा संस्थापक मॉरिस चँग तर अमेरिकेच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षं काढून आलेला माणूस. तरी आजही सगळ्यात बारीक चिप छापणारं ईयूव्ही मशीन नेदरलँड्सच्या एएसएमएलचंच, दुसरं कोणी बनवतच नाही, आणि त्यातले आरसे जर्मनीच्या त्साइसचे. मग केंद्र कुठलं म्हणायचं सांगा!

कोथरूडकर:
आणि आपण कुठे?

झणझणीत:
आपला रिसर्चवरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, कोरियाचा पाचच्या आसपास, बोला आता. मी पुण्यात एका परदेशी कंपनीच्या आर अँड डी सेंटरमध्ये आहे, पेटंटवर इन्व्हेंटर म्हणून आमची नावं, मालकी हेड ऑफिसची. कोविशील्डचंही बघा, शोध ऑक्सफर्डचा, डोस सीरमचे.

फर्मवेअरवाला:
डोस बनवणं कमी समजू नका हो, तैवानही आधी दुसऱ्यांचंच डिझाइन बनवून देत होतं, आणि टीएसएमसी तर अजूनही तेच करते!

तैपेईतली_मावशी:
कोथरूडकर, लेकाला चिप डिझाइन करायचं असेल तर सिंचूचं त्सिंग हुआ आणि यांग मिंग च्याओ तुंग, दोन्ही विद्यापीठं बघायला सांगा. फक्त शाकाहारी असेल तर कुकर बरोबर द्या.