‘आर्टी-फार्टी’ हा शब्द नेमका कशाला लावावा?

प्रश्न:
एका इंग्रजी चित्रपटपरीक्षणात ‘आर्टी-फार्टी’ हा शब्द आढळला. शब्दकोशात ‘कलेचा आव आणणारा’ असा अर्थ दिला आहे. परंतु ती शिवी आहे की थट्टा, आणि समजायला अवघड असलेल्या कोणत्याही कलाकृतीला तो शब्द लावता येतो का, याचा उलगडा त्यावरून होत नाही. मला त्या परीक्षणाचा अनुवाद करायचा आहे.

प्रतिसाद १:
थट्टाच, पण बोचरी. शब्दाचा उत्तरार्ध अधोवायूसाठी इंग्रजीत असलेल्या ग्राम्य शब्दावरून आलेला असल्यामुळे, यमकाच्या जोरावर कलेचा सगळा रुबाब उतरवणे हेच त्याचे काम आहे. ब्रिटिश इंग्रजीत हे रूप चालते, तर अमेरिकेत ‘आर्ट्सी-फार्ट्सी’ म्हणतात. त्याहून जुना आणि सौम्य शब्द ‘आर्टी-क्राफ्टी’. इंग्रज कलावंत विल्यम मॉरिस हस्तकलेचा पुरस्कार करणाऱ्या ज्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचे अध्वर्यू मानले जातात आणि जिच्या नावाची प्रदर्शनसंस्था १८८७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली, त्या चळवळीची टिंगल त्यात आहे.

दुर्बोधतेशी मात्र या शब्दाचा थेट संबंध नाही. कोऱ्या कॅनव्हासवर एकच रेघ ओढलेली असणे यात आर्टी-फार्टी असे काही नाही. त्या रेघेखाली ‘अवकाशाचा अनुपस्थितीशी संवाद’ अशी पाटी लावून, ती न कळलेल्या प्रेक्षकाकडे चित्रकाराने कीव केल्यासारखे पाहिले, की शब्द चपखल बसतो.

प्रतिसाद २:
हा भेद तत्त्वतः मान्य आहे, पण व्यवहारात तो क्वचितच पाळला जातो. चित्रपट संथ आहे, शेवट मोकळा सोडला आहे, एवढ्यावरही लोक हा शिक्का मारून मोकळे होतात, आणि तेव्हा चित्रपटापेक्षा बोलणाऱ्याच्या कंटाळ्याचीच माहिती अधिक मिळते. शिवाय काही कलावंत टीकेतली हवा आधीच काढून घेण्यासाठी स्वतःच्या कामाला हाच शब्द लावतात. तिथे अर्थ बराच मवाळ होतो.

प्रश्नकर्ता:
मग अनुवादात ‘कलेचा टेंभा मिरवणारा’ चालेल का?

प्रतिसाद १:
अर्थ पोहोचेल, चावटपणा हरवेल. परीक्षणाचा सूर गंभीर असेल तर ‘कलेचे अवडंबर’ पुरेसे आहे. लेखक तोंडाळ असेल तर मी बेलाशक ‘कलेची थेरं’ लिहीन.