०.७ मिमी फ्लोट काच केमिकल टफनिंगनंतर वाकते: दोष बाथचा की काचेचा?

पारदर्शक (प्रश्न)
काच सोडा-लाइम (नेहमीची खिडकीची) फ्लोट, म्हणजे वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवलेली, जाडी ०.७ मिमी, तुकडे ३०० × २०० मिमी. केमिकल टफनिंगसाठी, म्हणजे पृष्ठभागातल्या सोडियमच्या जागी आकाराने मोठा पोटॅशियम घुसवून काच मजबूत करण्यासाठी, वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटचा बाथ ४२० अंश सेल्सिअसला, वेळ ६ तास. धुऊन ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवली की मध्यभाग ०.३ ते ०.४ मिमी उचललेला दिसतो. याच बाथमधून २ मिमी काच सपाट निघते. बाथचं तापमान चारही कोपऱ्यांत सारखंच आहे. मुळात एवढी पातळ काच कथलावर बनते कशी? आणि ओव्हरफ्लो पद्धतीची काच घेतली तर बाक टळेल का?

कथीलकाठ
आधी बनते कशी ते. वितळलेली काच साधारण ११०० अंशांना कथलावर ओतली आणि मोकळी सोडली, तर गुरुत्व आणि पृष्ठताण यांचा मेळ बसून ती ६ ते ७ मिमी जाडीवर थांबते. त्याहून पातळ हवी तर ओढावी लागते. पण नुसती पुढून ओढली की पट्टा जाडीला जितका कमी होतो, तितकाच रुंदीलाही आकसतो. म्हणून दोन्ही काठांवर दातेरी टॉप रोलरच्या जोड्या बसवतात. त्या किंचित बाहेरच्या दिशेने तिरप्या असतात आणि काठ धरून ठेवतात. काठाची जाड, दात उमटलेली पट्टी पुढे कापून टाकतात.

खरी कसोटी तापमानाची. रोलरच्या पट्ट्यात काच जास्त गरम राहिली तर ती पुन्हा जाड व्हायला बघते. जास्त थंड झाली तर रोलरची पकड सुटते. रुंदीत काही अंशांचा फरक पडला तरी जाडीत लाटा येतात. सुमारे ६०० अंशांना पट्टा कथलावरून उचलून अ‍ॅनिलिंग लेहरमध्ये (काच हळूहळू थंड करणाऱ्या लांब भट्टीत) जातो.

तुमच्या प्रश्नाचं मूळ मात्र खालच्या बाजूला आहे. वितळलेल्या कथलावर नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन ठेवूनही कथील काचेत काही मायक्रॉन शिरतंच.

आयनबदल
बरोबर. कथील शिरलेल्या बाजूला सोडियमच्या जागी पोटॅशियम कमी जातो, हवेच्या बाजूला जास्त. हवेची बाजू जास्त फुगू पाहते आणि काच त्या बाजूने बहिर्वक्र होते. दाबाखालच्या थराची (पोटॅशियम शिरलेल्या पृष्ठथराची) खोली सारखी असेल तर बाक जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात जातो. म्हणजे २ मिमीच्या तुलनेत ०.७ मिमीला तो सुमारे आठपट. २ मिमी काचेतही फरक असतोच, फक्त तो डोळ्याला दिसत नाही.

बाथला दोष देण्याआधी हे तपासा. अंधारात २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा काचेवर तिरपा धरा. कथलाची बाजू दुधाळ चमकते. डोळ्यांना चष्मा हवाच. त्या बाजूला खूण करून काही तुकडे टाका. सगळे हवेच्या बाजूने फुगले तर कारण कथील. दिशा मनमानी आली तर बास्केटमध्ये काच कशी उभी आहे ते बघा, प्रीहीट (बाथआधीचं तापवणं) तपासा, आणि मूळ काचेतला अ‍ॅनिलिंगचा ताणही. मोजताना तुकडा उलटा करूनही मोजा, कारण एवढी पातळ काच स्वतःच्या वजनाने लवते आणि खरा बाक झाकून टाकते.

उपाय म्हणून सेरियम ऑक्साइडने कथलाची बाजू पॉलिश करता येते, पण बाथच्या आधी. सोडा-लाइममध्ये दाबाचा थर जेमतेम १० मायक्रॉनच्या घरात असतो. नंतर घासलात तर ताकदच घासून काढाल. वेळ कमी केला तरी बाक उतरतो, पण थरही उथळ होतो. हा सौदा जिथे ओरखडे कमी पडतात तिथेच करावा, असं माझं मत.

दुधारी
ओव्हरफ्लोबद्दल. यात काच एका पन्हळीतून दोन्ही काठांवरून ओसंडते, पाचरीसारख्या बाजूंवरून खाली येते आणि टोकाशी दोन्ही धारा जुळून एकच पत्रा होतो. पाचरीला टेकलेले पृष्ठभाग आत गाडले जातात, बाहेरच्या दोन्ही बाजूंना फक्त हवा लागते. म्हणून कथलामुळे येणारा बाक इथे नाही. अतिपातळ काचेची दुसरी वाट फटीतून खाली ओढण्याची. पण तिथे काच फटीच्या ओठांना घासून येते आणि ओठ झिजले की ओढीच्या दिशेने रेघा उमटतात.

मात्र सोडा-लाइम ओव्हरफ्लोने मिळणार नाही. पाचरीच्या टोकाशी काच खूप घट्ट असावी लागते आणि त्या तापमानाला सोडा-लाइममध्ये स्फटिक धरतात. मिळेल ती अ‍ॅल्युमिनोसिलिकेट. तिचा थर ४० मायक्रॉन किंवा त्याहून खोल जातो, पण तापमान आणि वेळ नव्याने ठरवावे लागतील. बाथमध्ये साठलेला सोडियमही मोजा. तो वाढला की पृष्ठावरचा दाब उतरतो. दोन्ही काचा बाथच्या एकाच मिठात (पोटॅशियम नायट्रेटमध्ये) आळीपाळीने बुडवत असाल तर ही मोजणी प्रत्येक बदलाच्या वेळी करा.